ताई, परत जाळी आली

जगात मूर्ख प्रश्न नसतात असं कोणी म्हणालं, की मंजिरी पिंगळे त्या माणसाला आपल्या ग्रुपचं आमंत्रण पाठवायची. म्हणायची, चार दिवस बसा आमच्यात, मग बोलू.

ग्रुपचं नाव 'रकाना'. टेलिग्रामवरचा ग्रुप. मराठी माणसाला एक्सेल फुकट शिकवावं, अडलं तिथे सांगावं, एवढाच त्याचा उद्योग. सांगलीच्या विश्वनाथ सरांनी पॉलिटेक्निकमधून निवृत्त झाल्यावर वेळ जात नाही म्हणून तो काढला, आणि बघता बघता त्यात गावोगावचे दुकानदार, सोसायट्यांचे सेक्रेटरी, शाळांचे क्लार्क आणि आखातात नोकरीला गेलेली मंडळी असा मोठा गोतावळा जमला. प्रश्नांना उत्तरं द्यायला आणि भांडणं मिटवायला काही मॉडरेटर नेमलेले होते. मंजिरी त्यातली एक. भांडणं मिटवण्यापेक्षा लावण्यातच तिचा हात जास्त, असं विश्वनाथ सर म्हणायचे. पण एक्सेलमध्ये तिचा हात धरणारं ग्रुपवर कोणी नाही, हेही तेच म्हणायचे.

ही मंजिरी राहायला सौदी अरेबियात, जुबैलला. नवरा अरविंद तेलाच्या कंपनीत इंजिनीअर; निम्मा महिना अल खफजीजवळच्या समुद्रात प्लॅटफॉर्मवर, निम्मा महिना घरी सोफ्यावर. मुलगी रुचा इंडियन स्कूलमध्ये सातवीत, आईने मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देणारी. नाशिकला असताना मंजिरी एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये होती, आणि तिच्या शीटशिवाय तिथे पान हलत नसे. इथे आल्यावर ती अरविंदची मिसेस आणि रुचाची मम्मी झाली. दुकानात, दवाखान्यात, शाळेत, कुठेही कोणी तिला तिच्या नावाने विचारलं नाही. फक्त 'रकाना'वर ती मंजिरीताई होती. तिथे लोक तिची वाट बघायचे, तिच्या उत्तरांचे फोटो काढून ठेवायचे. त्या एका जागेवर तिचा किती जीव होता, हे अरविंदलाही पुरतं ठाऊक नव्हतं.

आता त्या ग्रुपवर रोज येणारा प्रश्न सांगतो. एक्सेलच्या रकान्यात मोठा आकडा किंवा तारीख मावली नाही, की तिथे #### अशी चिन्हं उमटतात. नवख्या माणसाला वाटतं, आपला आकडा गेला, त्याच्या जागी कुंपणाची जाळी आली. म्हणून ग्रुपवर सगळे त्याला जाळीच म्हणत. इलाज काय, तर कॉलम थोडा रुंद करायचा. झालं! लहान पोरालाही जमेल. पण हा प्रश्न सकाळी यायचा, दुपारी यायचा, आणि दुपारचं उत्तर वर दिसत असताना त्याच्याच खाली संध्याकाळी यायचा. मंजिरीने त्याचं सविस्तर उत्तर लिहून, चित्रं काढून, ग्रुपच्या अगदी वरती पिन करून ठेवलं होतं. दारावरची पाटी जशी कोणी वाचत नाही, तसं तेही कोणी वाचलं नाही.

मग मंजिरीची जीभ चालायची. "वर पिन केलंय. डोळे वापरा." "हा प्रश्न कालच्या माणसानेही विचारला होता, तुम्ही दोघे भाऊ का?" लोक हसायचे. ज्याला बोलणी बसली तोही ओशाळून हसायचा. मंजिरीला वाटायचं, आपण ग्रुपला शिस्त लावतोय.

धोंडीराम शिगवणांच्या बाबतीत मात्र ही शिस्त अंगाशी आली.

धोंडीराम दापोलीकडचे. उमेदीच्या वयात सुतार म्हणून सौदीला आले आणि हफ्र अल बातिनच्या कामगार-कॅम्पात राहून म्हातारे होत आले. गुडघ्याने दगा दिल्यावर कंपनीने त्यांना घरी पाठवलं नाही, हजेरीच्या टेबलावर बसवलं. कॅम्पातल्या प्रत्येक माणसाचे तास कॉम्प्युटरमध्ये भरायचे, हे काम. ज्या हातांनी जन्मभर रंधा मारला, त्या हातात माऊस काही केल्या स्थिर राहीना. टाइप करायला वेळ लागतो म्हणून ते ग्रुपवर बोलूनच प्रश्न पाठवायचे, आणि प्रत्येक निरोपाच्या सुरुवातीला सगळ्यांची खुशाली विचारायचे.

"ताई, परत जाळी आली," असं त्यांनी तिसऱ्या महिन्यालाही विचारलं, तेव्हा मंजिरीने लिहिलं, "धोंडीरामजी, तुमच्या हातात माऊस दिला कोणी? रंधाच बरा होता." हसणाऱ्या तोंडांची रांग लागली. धोंडीरामांनी फक्त दोन शब्द टाइप केले. "चुकलं ताई." त्यानंतर ते ग्रुपवर बोललेच नाहीत.

दोन दिवसांनी विश्वनाथ सरांचा फोन आला. सर कधी आवाज चढवत नसत, त्यामुळे त्यांचा राग ओळखायला जरा वेळ लागायचा.

"मंजिरी, तुझ्याविरुद्ध तक्रारी आहेत. पण त्या राहू देत. तक्रारी माझ्याविरुद्धही असतात. मला धोंडीरामांचं लागलं."

"सर, तिसऱ्यांदा विचारलं त्यांनी. उत्तर वर पिन केलेलं आहे!"

"आहे ना. मग तिथे पिनच ठेवू, तुझं काय काम?" सर म्हणाले. "हे बघ, दिवाळीपर्यंत थांबतो. तोवर त्या माणसाने ग्रुपवर आपणहून काहीही विचारलं, तर तू मॉडरेटर राहशील. नाही विचारलं, तर सुटी. आणि त्यांना खाजगीत मेसेज करून गोडीगुलाबीने बोलतं करायचं नाही. ही अट त्यांना कळताही कामा नये."

मंजिरीने फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटली. नंतर बराच वेळ ती ओट्याला टेकून उभी राहिली. 'रकाना' गेला तर उरलं काय, हा विचार तिने पहिल्यांदा केला आणि तिला रडू आलं.

पण ती हातपाय गाळणाऱ्यातली नव्हे. दुसऱ्या दिवसापासून तिने गोड व्हायचं ठरवलं. एक छानसं उत्तर तयार करून ठेवलं: "नमस्कार! आपला प्रश्न अतिशय महत्त्वाचा आहे. कृपया वरील माहिती पाहावी. आपला दिवस आनंदात जावो." पुढे जोडलेले हात आणि एक फूल. जाळीचा प्रश्न आला की हे चिकटवायचं. रुचाने खांद्यावरून डोकावून वाचलं आणि म्हणाली, "मम्मा, यू साउंड लाइक द बँक." ग्रुपवर तर त्याहून वाईट झालं. मालेगावच्या एका दुकानदाराने घाबरत घाबरत विचारलं, "ताई, आमच्यावर रागावल्या आहात का?" मंजिरी शिव्या द्यायची तेव्हा निदान ती तिथे आहे हे कळायचं, त्या फुलातून काहीच कळत नव्हतं.

धोंडीराम ऑनलाइन दिसायचे. त्यांच्या नावाखाली हिरवा ठिपका लागायचा, बराच वेळ राहायचा आणि विझायचा. ते सगळं वाचत होते. विचारत काही नव्हते.

याच सुमारास मंजिरीने गाडी शिकायला घेतली. अरविंद समुद्रावर गेला की ती आणि रुचा घरात अडकून पडत. दूध आणायचं म्हटलं तरी टॅक्सी. ओळखीच्या बायका लायसन्स काढून बसल्या होत्या, मग आपण का मागे, असं तिच्या मनाने घेतलं. दम्मामच्या रस्त्यावर बायकांची ड्रायव्हिंग स्कूल होती. तिथे तिला शिकवायला मिळाली सकिना. ही जवळच्याच कतीफ गावची, मंजिरीहून वयाने लहान, आणि खळखळून हसणारी. वडिलांच्या दुकानात हिंदुस्तानी कामगार, त्यामुळे तिला कामापुरतं हिंदी यायचं, आणि ते ती पूर्ण आत्मविश्वासाने चुकीचं बोलायची.

पहिल्या दिवशी मंजिरी ऐटीत गाडीपाशी गेली, दार उघडून बसली, पट्टा लावला, आणि समोर स्टिअरिंगच नव्हतं. स्टिअरिंग पलीकडे, डाव्या बाजूला. नाशिकला जन्मभर ड्रायव्हर उजवीकडे बघितलेला, सवय कुठे जाते? सकिना बाहेर पोट धरून हसत होती. "मंजिरी, गाडी कौन चलाएगा? जिन्न?"

गाडी सरळ रस्त्यावर छान जाऊ लागली. अडलं ते दव्वारवर. दव्वार म्हणजे गोल चौक, आणि हे गाव दव्वारांनी भरलेलं. गोलात आधी कोणी जायचं? नियम साधा, आपल्या डावीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. पण मंजिरीची मान आपसूक उजवीकडे वळायची, आणि डावीकडून कोणीतरी कर्कश हॉर्न वाजवत नाकासमोरून जायचं. त्यामुळे दव्वार दिसायला लागला की ती विचारायची, "सकिना, पहले कौन?"

"यसार. लेफ्ट वाला पहले."

पुढच्या दव्वारवर पुन्हा, "पहले कौन?"

"यसार, हबीबती. लेफ्ट वाला पहले."

रोज हेच. प्रत्येक दव्वारवर हेच. सकिनाच्या आवाजात तसूभर फरक नाही. जणू हा प्रश्न तिला आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी विचारतंय. शेवटी मंजिरीलाच लाज वाटू लागली. एका दुपारी तिने गाडी कडेला घेतली आणि म्हणाली, "सकिना, तुमको बोअर नहीं होता? कितनी बार पूछती हूँ मैं!"

सकिना उत्तर देणार तेवढ्यात ड्रायव्हिंग स्कूलमधली दुसरी एक शिक्षिका खिडकीशी आली. दोघींचं सुरू झालं. श्लोनिच, म्हणजे कशी आहेस? बखैर, बरी आहे, अल्हम्दुलिल्लाह. घरचे कसे? अल्हम्दुलिल्लाह. तू कशी आहेस? अल्हम्दुलिल्लाह. आई बरी? अल्हम्दुलिल्लाह. आणि पुन्हा, तू कशी आहेस? मंजिरी इतकी वर्षं हे ऐकत आली होती; दुकानात, लिफ्टमध्ये, सगळीकडे इथली माणसं एकमेकांना तेच तेच विचारतात आणि तितक्याच आनंदाने तेच तेच सांगतात. ती बाई गेल्यावर सकिना म्हणाली, "देखा? उसने तीन बार पूछा मैं कैसी हूँ. मैं बोलूँ क्या, पहले बताया ना, बहरी है?"

मंजिरीला हसू फुटलं.

"और तुम," सकिना तिच्या दंडावर चापट मारून म्हणाली, "तुमको मालूम है लेफ्ट वाला पहले. घर में पूछूँ तो फट से बोलेगी. तुम सिर्फ दव्वार देखके पूछती है. डर लगता है, इसलिए पूछती है. मैं बोलती हूँ तो डर थोड़ा कम होता है. मेरा क्या जाता है बोलने में? यल्ला, चलो."

मंजिरी गाडी चालवत राहिली, पण डोक्यात दुसरंच फिरू लागलं. मालेगावच्या दुकानदाराला खरंच ठाऊक नसेल का, की उत्तर वर पिन केलंय? असेलच की! पण समोर सगळ्या आकड्यांच्या जागी जाळी दिसल्यावर त्याचं काळीज लक्कन हलत असणार. केलेली सगळी मेहनत गेली, मालक काय म्हणेल, हे डोक्यात असताना कोण कुठे वर जाऊन चित्रं बघत बसतो? त्याला कॉलम रुंद करायची युक्ती नंतर हवी असते. आधी कोणीतरी हवं असतं. आणि आपण त्याला विचारतो, डोळे आहेत का.

तिला स्वतःचीच भयंकर चीड आली. गाडी चालवताना चिडलं की काय होतं ते पुढच्या दव्वारवर दिसलं. सकिनाने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून बरं.

त्या दिवसापासून ते फुलाचं उत्तर गेलं. जाळी आली असं कोणी म्हटलं, की मंजिरी पहिल्यांदा लिहायची, "काही गेलेलं नाही. सगळे आकडे आत सुखरूप आहेत." मग कॉलम कसा रुंद करायचा ते. आणि शेवटी, "करून बघा, मी आहे इथे." माणूस करून बघायचा, जमलं म्हणून आनंदाने ओरडायचा, आणि मंजिरीही त्याच्याबरोबर ओरडायची. तेच उत्तर ती रोज नव्याने टाइप करायची, चिकटवायची नाही. तिची टिंगल मात्र सुटली नाही. स्वभाव आहे तो. फक्त आता ती आधी उत्तर देऊन मग खेचायची, आणि लोकांना ती तशीच आवडायची. एका सोसायटीच्या सेक्रेटरीने तर तक्रार केली की मंजिरीताई प्रत्येकाशी गप्पा मारत बसतात, आमचा नंबर उशिरा लागतो.

सगळं छान चाललं होतं, आणि धोंडीराम गप्प होते. दिवाळी जवळ येत चालली. कंपाउंडमधल्या बायकांनी फराळाची वाटणी केली. मंजिरीकडे चकल्या आल्या. चकल्या तळता तळता ती मध्येच फोन उघडून तो हिरवा ठिपका बघायची. खाजगीत एक ओळ लिहावी, काका, माझं चुकलं, असं तिला फार वाटायचं. पण सरांची अट आड येत होती. आणि खरं सांगायचं तर आता तिला मॉडरेटरपद जाईल याचं जितकं वाईट वाटत होतं, तितकंच तो माणूस महिनाअखेरीला त्या जाळीपुढे एकटा काय करत असेल, याचंही वाटत होतं.

ड्रायव्हिंगची परीक्षा दिवाळीआधीच्या रविवारी लागली. त्याच्या आदल्या शुक्रवारी दुपारी मंजिरीचा धीर सुटला. डोळे मिटले की दव्वार दिसे. आधी डावीकडचा की उजवीकडचा? नियम पाठ होता, पण त्याच्यावरचा विश्वास उडाला. सकिनाला फोन लावला, तो बंद. शुक्रवार, घरच्यांबरोबर जेवायला गेली असणार. अरविंद प्लॅटफॉर्मवर, फोन लागत नव्हता. रुचा म्हणाली, "गूगल इट, मम्मा." मंजिरीला गूगल नको होतं.

मग तिने फोन उचलला आणि 'रकाना'वर लिहिलं: "मंडळी, विषयाला सोडून विचारते आहे. परवा माझी गाडीची परीक्षा आहे. सौदीत गोल चौकात आधी कोण जातं? मला उत्तर ठाऊक आहे. मी रोज विचारते. आजही कोणीतरी सांगा, मला भीती वाटते आहे."

विषयाला सोडून बोलू नये हा नियम ग्रुपवर तिनेच लिहिलेला होता. सोडतील का लोक! मालेगावकरांनी पहिला बार उडवला, "ताई, पिन केलेलं वाचलंत का?" मागोमाग दुसरा, "हा प्रश्न कालच्या बाईनेही विचारला होता, तुम्ही बहिणी का?" तिसऱ्याने जोडलेले हात आणि ते फूलच पाठवलं. वाचता वाचता मंजिरी पलंगावर आडवी पडून हसली. इतके दिवस ज्यांना तिने झोडपलं, ते सगळे रांगेत उभे राहून आपापला हिशेब चुकता करत होते, आणि प्रत्येक टोमण्याच्या खाली उत्तरही होतं: डावीकडचा आधी, ताई. घाबरू नका. डावीकडचा.

त्यातच हफ्र अल बातिनहून एक आवाजी निरोप आला.

"नमस्कार मंडळी, सगळी बरी आहात ना? ताई, मी धोंडीराम. आम्ही हिकडं कॅम्पाची पिकअप चालवायचो, मलापण पयल्यांदा असंच व्हायचं. मी काय केलं, घड्याळ आपण डाव्या हाताला घालतो का नाय? दव्वार आला की घड्याळाकडं बघायचं. घड्याळ ज्या अंगाला, त्या अंगाचा माणूस आधी. तो गेला की आपण. काय नाय होत. बिनघोर जावा."

मंजिरीने तो निरोप पुन्हा पुन्हा ऐकला. पण हे त्यांनी सांगितलेलं होतं, विचारलेलं नव्हतं. सरांची अट पुरी झालेली नव्हती. तिने लिहिलं, "काका, तुमचा आवाज ऐकून फार बरं वाटलं." त्याहून जास्त लिहायचं तिने महत्प्रयासाने टाळलं.

रविवारी तिने डाव्या हातात घड्याळ घातलं. परीक्षा घेणारी बाई गंभीर चेहऱ्याची होती. पहिला दव्वार आला, मंजिरीने मनगटाकडे बघितलं, मग डावीकडे बघितलं, एक पाण्याचा टँकर जाऊ दिला आणि गाडी आत घातली. दुसऱ्यालाही तसंच. बाईने उतरताना फक्त "मबरूक", म्हणजे अभिनंदन, एवढंच म्हटलं, आणि बाहेर उभ्या असलेल्या सकिनाने असा काही आवाज काढला, की गेटवरचा पहारेकरी धावत आला.

दोघी ड्रायव्हिंग स्कूलच्या भिंतीच्या सावलीत बाकावर बसल्या. सकिनाने थर्मासमधून कहवा ओतला, खजूर पुढे केले. मंजिरीने ग्रुपवर लिहिलं, "पास!" अभिनंदनांचा पाऊस पडला. पेढे कधी, पार्टी कुठे, आता आम्हाला विमानतळावर न्यायला या, असं सगळं. त्यात धोंडीरामांचा निरोप होता. या वेळी टाइप केलेला. एवढं लिहायला त्यांना बराच वेळ लागला असणार.

"अभिनंदन ताई. तुम्ही सगळ्यांच्यासमोर विचारलंत, म्हणून मीपण विचारतो. एक्सेलात अक्षर परत मोठं कसं करायचं? मागे जाळी आली की विचारायला संकोच वाटायचा. मग मी अक्षर थोडं बारीक केलं, तर जाळी गेली. पुढच्या महिन्यात परत आली, अजून बारीक केलं. असं करत करत आता इतकं बारीक झालंय की मी भिंग धरून हजेरी भरतो. साहेब म्हणतो चष्मा बदल. पण चष्मा ठीक आहे."

मंजिरीने वाचलं आणि कहव्याचा कप बाकावर ठेवून दिला. तिला हसू आलं आणि त्याच्यामागून रडू आलं, आणि मग दोन्ही एकदम. एक माणूस तिला घाबरून महिनोन्महिने अक्षर बारीक करत गेला होता. सकिनाने विचारलं, क्या हुआ, फेल कर दिया क्या? मंजिरीने नाही म्हणून मान हलवली आणि ग्रुपवर लिहिलं, "काका, माझं चुकलं होतं. तुमचा नंबर द्या, फोनवरच करू."

नंबर आला. तिने लगेच फोन लावला.

"काका, कॉम्प्युटरसमोर आहात?"

"हाय, हाय. बोला ताई."

"सगळं शीट निवडा. कंट्रोल आणि ए. झालं? आता वरच्या पट्टीत अक्षराच्या नावाशेजारी एक आकडा दिसतो, तो किती आहे?"

"थांबा, भिंग आणतो." मग, "चार."

"चार!" मंजिरी ओरडली. "काका, मुंग्यांची हजेरी घेता की माणसांची?"

पलीकडून धोंडीराम मोठ्याने हसले. त्या हसण्याने मंजिरीच्या मनावरचा केवढा भार उतरला, ते सांगायला मला शब्द नाहीत. तिने बारा लिहायला सांगितलं. मग त्यांनी टेबलावर हात मारल्याचा आवाज आला.

"अगो आई! केवढं झालं! सगळी पोरं दिसायला लागली. हा सुलेमान, हा रामाश्रय, हा आमचा बाळ्या..." ते एकेक नाव वाचत सुटले, जसं काही ती माणसं इतके दिवस रजेवर होती आणि आजच कॅम्पात परतली. मग ते एकदम थांबले. "पण ताई..."

"बोला."

"तास आणि तारखा गेल्या. परत जाळी आली."

"येणारच, काका! अक्षर मोठं केलं, जागा तेवढीच. काही गेलेलं नाही, सगळे तास आत आहेत. वर अक्षरांची पट्टी आहे ना, ए, बी, सी? तिच्यावर दोन अक्षरांच्या मधल्या रेघेवर टिचकी. दोनदा, भराभर."

पहिल्यांदा चुकली, दुसऱ्यांदा हात हलला, तिसऱ्यांदा जमलं. घाई कोणालाच नव्हती. सकिनाने दुसरा कप भरून मंजिरीच्या हातात दिला. तिला मराठी कळत नव्हतं, पण शिकवण्याचा आवाज कळत होता, आणि ती गालातल्या गालात हसत होती.

"गेली ताई, गेली! सगळे तास आले." आणि मग, "ताई, रागावणार नसाल तर... आणखीन पण आहेत. तेव्हापासनं साठून राहिलेत."

"किती आहेत?"

"बरेच हायत."

"विचारा. पहिल्यापासून विचारा," मंजिरी म्हणाली, आणि बाकावर मांडी घालून नीट बसली.

मध्येच विश्वनाथ सरांचा फोन दोनदा येऊन गेला. तो कशासाठी, हे तिला चांगलंच ठाऊक होतं. तिने तो घेतला नाही. काका विचारत होते.